शेषरावांच्या धावा

ज्याच्यावाचून आमच्या भागात लग्नाचं, मयतीचं आणि निवडणुकीचं पान हलत नाही, तो मी, मित्रांनो. तारेचा जुना माईक. माझ्या डोक्यावर जाळीची टोपी आहे आणि ती एका बाजूनं चेपलेली आहे. एका वरातीत नवरदेवाच्या मामानं मला नारळासारखं आपटलं होतं, त्याची ती खूण. मामा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले, माझी टोपी मात्र कायमची चेपली.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीटसं आठवत नाही. पोटात एक पातळ पडदा आहे, त्याला तारेचं वेटोळं आहे आणि मागे लोहचुंबक आहे. समोर कोणी बोललं की पडदा थरथरतो आणि तो थरथराट तारेतून कर्ण्यापर्यंत जातो. माझं काम एवढंच. पडद्याला शब्दांचा अर्थ कळत नाही. खरं बोललं तरी तो थरथरतो आणि थाप मारली तरी तेवढाच थरथरतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला कोणी बोल लावायला नको.

नांदेडच्या बाजारातून मला भावसिंगानं आणलं. सेनगावला त्याचं मंडप आणि साउंडचं दुकान आहे. माणूस अबोल. मला तोंडासमोर धरून त्यानं आयुष्यात 'हॅलो, चेक, चेक' यापलीकडे काही म्हटलेलं मला आठवत नाही. पण काळजी घ्यायचा. काम झालं की मला जुन्या टॉवेलात गुंडाळायचा, तार कोपरावर वेटोळी करून बांधायचा आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. त्याच्या हाताखाली मी सप्ताह ऐकले, मंगलाष्टकं ऐकली, हरवलेल्या म्हशीचे पुकारे ऐकले. प्रचारसभा तर इतक्या ऐकल्या की कोणता पक्ष कोणता ते मला कधी उमगलंच नाही. एका निवडणुकीत ज्याला चोर म्हटलं, पुढच्या निवडणुकीत माझ्याच जाळीसमोर त्याच्या गळ्यात हार पडला. मी दोन्ही वेळा सारखाच वाजलो.

पण मित्रांनो, माझं नाव झालं ते क्रिकेटमुळे.

कनेरगाव नाक्याकडून आत वळलं की भावसिंगाचं मूळ गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. सोयाबीन घरात आलं आणि हरभऱ्याला घाटे धरू लागले की त्या माळावर टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात. दरवर्षी त्या स्पर्धेत मला हातात धरणारा माणूस म्हणजे उत्तमराव. साधा शेतकरी, आता साठी ओलांडलेला. कापूस वेचून झाला की वाचनालय गाठायचं आणि मिळेल ते पुस्तक वाचायचं, हा त्यांचा छंद. त्यामुळे जीभ तयार झालेली. "गोलंदाज येऊन राहिला, येऊन राहिला, सेनगावची गाडी सुटून राहिल्यावानी पळत येऊन राहिला, आणि फलंदाजानं हात दाखवला, गाडी थांबलीच न्हाई!" असं ते म्हणाले की त्रिफळा उडालेला पोरगासुद्धा हसत बाहेर यायचा.

उत्तमरावांची खरी कमाल मात्र षटक संपल्यावर दिसायची. क्षेत्ररक्षक इकडचे तिकडे जाईपर्यंत थोडा मोकळा वेळ असतो. इतर गावांत त्या वेळात देणगीदारांची नावं वाचतात. उत्तमराव किस्सा सांगायचे. एक किस्सा तुकड्यातुकड्यांनी दिवसभर पुरायचा. हिंगोलीला पूर्वी छावणी होती, तिथल्या साहेबांचा खेळ बघून आपल्याकडच्या पोरांनी बाभळीच्या फळकुटाची बॅट कशी केली, चिंध्यांचा चेंडू कसा बांधला, असं सगळं त्यात यायचं. म्हाताऱ्या बायासुद्धा ऐकायला यायच्या. त्यांना सामन्याशी काही देणंघेणं नसायचं, फलंदाज बाद झाला की पुढचा तुकडा लांबला म्हणून त्या कुरकुरायच्या.

अंतिम सामन्याच्या दिवशी ठरलेला किस्सा असे झेंड्याचा. सत्तेचाळीस सालच्या पंधरा ऑगस्टला सगळा देश स्वतंत्र झाला, आपल्याकडे मात्र निजामाचं राज्य तसंच राहिलं. तिरंगा लावायला बंदी होती. गावातल्या पोरांनी एक युक्ती केली. झेंड्याचं कापड गुंडाळून पोकळ बांबूत घातलं, तोंडाला चिंधीचा बोळा लावला आणि तो बांबू मधला स्टंप म्हणून माळावर ठोकला. दोन पोलीस तिथेच दगडावर बसून पोरांचा खेळ बघत राहिले. ते जेवायला गेले की झेंडा लावायचा असं ठरलं होतं. खेळत होते उत्तमरावांचे वडील शेषराव. त्यांनी असा काही खेळ केला की पोलीस टाळ्या वाजवू लागले, आणि शेषरावांच्या पन्नासाव्या धावेला फुलसिंग नावाच्या पोरानं झेंडा चढवला. फुलसिंगाला धरून नेलं, बेदम मारलं, पण झेंडा लागला तो लागला. इथे उत्तमराव थांबायचे आणि माळावरची लहान लेकरं एका सुरात ओरडायची, "पन्नास!"

आता मी पहिल्यापासून तिथे होतो म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी शेषरावांच्या धावा पंधरा होत्या. दोन-तीन वर्षांत त्या तिसाच्या पुढे गेल्या. एकदा गर्दी फार जमली, उत्तमराव रंगात आले आणि अर्धशतक पूर्ण झालं. शेषराव त्याच्या आधीच देवाघरी गेले होते, तरी त्यांच्या धावा वाढतच होत्या. मला त्याचं काही वाटलं नाही. पडदा थरथरला, कर्ण्यातून आवाज गेला, लोक खूश झाले.

कॉमेंट्रीच्या टेबलाच्या डाव्या बाजूला बायकांची जागा असे. तिथे पहिल्याच खुर्चीवर उत्तमरावांची आई, शालूबाई, पदर डोक्यावरून घेऊन बसायच्या. पंच्याऐंशी कधीच ओलांडलेली, कान मात्र शाबूत. नवऱ्याच्या धावा त्या दरवर्षी ऐकत. कधी हसल्या नाहीत, कधी डोळे पुसले नाहीत.

मग एका वर्षी टेबलाशी दोन नवी माणसं आली आणि गोष्ट फिरली.

पहिल्या होत्या अपर्णाताई. हिंगोलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतात. क्रिकेट आणि साहित्य या विषयावर त्यांचं पुस्तक चाललं होतं. उपांत्य सामन्याच्या दिवशी त्या टेबलाशी येऊन बसल्या, मोबाईलवर उत्तमरावांचा आवाज टिपून घेतला आणि चहा पिताना म्हणाल्या, "काका, पुस्तकांतलं क्रिकेट बहुतेक शहरातलं असतं. पांढरे कपडे, हिरवळ, आणि गोऱ्या साहेबाला हरवल्याचा आनंद. निजामाच्या राज्यात माळावर खेळलेलं क्रिकेट मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही. तुमचा झेंड्याचा किस्सा मी पुस्तकात घेणार आहे."

उत्तमराव इतके खूश झाले की त्यांनी मला उलटं धरलं. "घ्या की, ताई!"

"फक्त एक सांगा. यातला इतिहास किती आणि गोष्ट किती? मी दोन्ही छापीन, पण वेगवेगळं छापीन."

उत्तमराव हसले. "उद्या फायनलला सांगतो ना, तवा आपोआप समजंल." पण त्यांचा हात माझ्या दांड्यावर थोडा घट्ट झाला.

दुसरे आले दिपकभाऊ. जिल्हा परिषदेला उभे राहणार होते, म्हणून त्या वर्षीची स्पर्धा त्यांनीच भरवली होती आणि आजोबांच्या नावानं, कै. गंगाधरराव चषक म्हणून भरवली होती. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना नावानं हाक मारायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. संध्याकाळी माळ रिकामा झाल्यावर तो टेबलाशी आला. भावसिंग माझी तार गुंडाळत होता.

"काका, तुमचा किस्सा पुस्तकात येऊन राहिला म्हणे."

"व्हय, भाऊ."

"मंग त्याच्यात आमच्या आज्याचं नाव यायला पाहिजे. झेंडा गंगाधररावांनी लावला म्हणा. चषकबी त्यांच्याच नावानं हाय, शोभून दिसंल."

उत्तमराव चपापले. "झेंडा फुलसिंगानं लावला, भाऊ. तुमचे आजोबा त्या दिवशी गावातच नव्हते. सासुरवाडीला गेलते."

"हे कोणाला ठावं हाय?"

"मला ठावं हाय की."

दिपकभाऊ खुर्चीवर बसला. रागावला नाही. उलट मऊ आवाजात म्हणाला, "काका, मी लहान होतो तवापासून तुमचा किस्सा ऐकून राहिलो. तवा शेषराव आज्याच्या धावा पंधरा होत्या, मला बराबर आठवते. मंग तीस झाल्या. आता पन्नास. कोणी मोजल्या त्या? तुमी तुमच्या बापाला पन्नास धावा देता, मंग माझ्या आज्याला एक झेंडा द्यायला तुमाला काय तकलीफ हाय?"

 उत्तमरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. 

"भावसिंग, तुझी काही हरकत?" दिपकभाऊनं विचारलं. हे विचारण्याला कारण होतं. झेंडा लावणारा फुलसिंग हा भावसिंगाचा सख्खा आजा.

"मी साउंडवाला हाय, भाऊ," भावसिंग म्हणाला. "माझं काय?" आणि तो तार गुंडाळत राहिला. गुंडाळून झालेली तार त्यानं उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

जाताना दिपकभाऊनं उत्तमरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "विचार करा, काका. पुढच्या साली नांदेडचा एक पोरगा यायला तयार हाय कॉमेंट्रीला. पण आमाला तुमीच पाहिजे." धमकी इतक्या गोडीनं दिलेली मी प्रचारसभेतसुद्धा क्वचित ऐकली होती.

त्यानंतर उत्तमरावांच्या मनात काय चाललं ते मला ठाऊक नाही. मी पेटीत होतो. एवढं मात्र मला दिसत होतं की त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. बापाच्या धावा तशाच ठेवायच्या तर फुलसिंगाचा झेंडा हातचा जाणार. झेंडा राखायचा तर धावा सोडाव्या लागणार, माईक सोडावा लागणार, आणि तेही पहिल्या खुर्चीवर आई बसलेली असताना.

अंतिम सामना. माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. आजूबाजूच्या गावांतून जीप भरभरून आल्या होत्या. दिपकभाऊ पांढऱ्या कपड्यांत सोफ्यावर, अपर्णाताई मोबाईल घेऊन टेबलाशी, शालूबाई आपल्या खुर्चीवर. भावसिंगानं 'हॅलो, चेक, चेक' केलं आणि मला उत्तमरावांच्या हाती दिलं. 

पहिला डाव रोजच्यासारखा गेला. षटक संपलं की छावणी, मग बाभळीची बॅट, मग बंदी, मग बांबू. दोन डावांच्या मधल्या वेळात लोक टेबलाभोवती गोळा झाले. त्यांना शेवट पाहिजे होता.

"तर पोलीस बसले होते दगडावर," उत्तमराव सांगू लागले. "मधल्या बांबूत झेंडा. खेळायला आला माझा बाप, शेषराव. आणि माझ्या बापानं किती धावा केल्या?"

"पन्नास!" लेकरं ओरडली.

"शून्य."

लोक हसले. त्यांना ही नवी गंमत वाटली. लेकरं आणखी मोठ्यानं ओरडली, "पन्नास!"

"शून्य, बाबांनो. पहिलाच चेंडू. बॅट हलली, पाय हलला न्हाई, मधला बांबू पडला. पडला तसा बोळा निघाला आणि केशरी कापडाचं टोक बाहेर आलं. पोलिसांनी बघितलं. शेषराव पळाले. समदे पळाले. फुलसिंग पळाला न्हाई. आता लपवून उपयोग न्हाई हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं कापड ओढून बाहेर काढलं, त्याच बांबूला बांधलं आणि पोलिसांच्या डोळ्यादेखत माळावर उभं केलं. मार खाल्ला, कोठडीत गेला. झेंडा फुलसिंगानं लावला. गंगाधरराव त्या दिवशी सासुरवाडीला होते, त्यात काही वावगं न्हाई. माणूस सासुरवाडीला जातो."

आता कोणी हसेना.  सगळ्यांच्या माना सोफ्याकडे वळल्या.

दिपकभाऊ उठला, टेबलाशी आला आणि त्यानं उत्तमरावांच्या हातून मला घेतलं. चेहरा क्षणभर ताठ झाला, मग तो हसला. "टाळ्या!" तो म्हणाला. "आपल्या गावाचा मानूस किती सच्चा हाय बघा! माझे आजोबा सासुरवाडीला होते, पण त्यांचं मन ह्याच माळावर होतं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा पडदा थरथरला. हा माणूस निवडून येणार याबद्दल मला शंका उरली नाही.

तो मला टेबलावर ठेवणार, तेवढ्यात डाव्या बाजूनं आवाज आला. "आण रे ते इकडं."

शालूबाईंनी हात पुढे केला होता. उत्तमराव जागचे हलले नाहीत. भावसिंग उठला, त्यानं तार ढिली सोडली आणि मला म्हातारीच्या हातात दिलं. तिनं मला पळी धरावी तसं धरलं आणि इतक्या जवळून बोलली की कर्ण्यातून शिट्टी निघाली. भावसिंगानं तिचा हात थोडा मागे सरकवला.

"उत्तम आता बोलला ते खरं हाय," शालूबाई म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्या वयातही त्यांनी घेतलं नाही. "शून्यच. लग्न झालं त्याच साली मला सांगितलं उत्तमच्या बापानं. म्हणे, हात थरथरत होते, मधल्या बांबूत काय हाय ते ठावं होतं ना. चेंडू दिसलाच न्हाई म्हणे. आणि माझ्यापायी फुलसिंगानं मार खाल्ला." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.  "दर दिवाळीला फराळाचं पहिलं ताट आमच्याकडून फुलसिंगभाऊजीच्या घरी जाते. देवाच्या आधी. ते गेले तरी जाते. भावसिंगा, काहून जाते ते तुला ठावं होतं का?"

भावसिंगानं मान हलवली. त्याला ठाऊक नव्हतं.

मग त्या मुलाकडे वळल्या. "इतकी वर्षं मी बोलले न्हाई. तू बापाचं नाव घेत होता, तेवढं कानाला बरं वाटत होतं. पण उत्तम, तुझा बाप आपल्या जोडीच्या माणसांत उघड सांगायचा ते शून्य. त्यांना कधी लाज न्हाई वाटली. तुला काहून वाटली रे?"

उत्तमराव हजार माणसांसमोर लहान लेकरासारखे रडले. मी वस्तू आहे, मला रडता येत नाही, पण त्या क्षणी शालूबाईंच्या हातात असल्याचं मला बरं वाटलं.

भावसिंगानं मला हळूच त्यांच्या हातातून काढून घेतलं. त्याच्या सवयीप्रमाणे बटण बंद करून मला टॉवेलावर ठेवील असं वाटलं होतं. त्यानं बटण बंद केलं नाही. त्यानं मला तोंडासमोर धरलं.

"आई," तो म्हणाला, "येत्या दिवाळीलाबी पाठवा ताट."

मित्रांनो, ही माझी शेवटची स्पर्धा. त्यानंतर बिनतारेचा माईक आला. त्याला तारेत पाय अडकत नाही, त्याचा आवाज स्वच्छ आहे आणि नांदेडच्या पोरालाही तोच आवडतो. मी पेटीत आहे. तक्रार नाही. अपर्णाताईंचं पुस्तक छापून आलं की नाही ते मला कळलेलं नाही. आलं असेल तर शेषरावांच्या नावापुढे काय लिहिलं असेल ते तुम्हाला माहीत आहे.

माझ्या जातीचे बाकीचे माईक अजून गावोगाव राबतात. त्यांना पावसात भिजवू नका, आपटू नका, 'चालू आहे का' म्हणून त्यांच्या डोक्यावर टिचक्या मारू नका. आणि त्यांच्यासमोर उभं राहून गेलेल्या माणसाबद्दल बोलायची वेळ आली, तर त्याची बायको पहिल्या खुर्चीवर बसली आहे असं समजून बोला.